उसन्या बळाचा हिशेब

साहाय्य घेऊन केलेले श्रम आपले म्हणावेत की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता फारसा गहन वाटत नाही. आणि ज्या निमित्ताने तो आमच्यापुढे उभा राहिला ते निमित्त तर इतके क्षुल्लक आहे की, त्यापायी मासिकाची चार पाने खर्ची घालावीत हे काही वाचकांस विनोदाचेच वाटेल. ते निमित्त म्हणजे एक सायकल. परंतु ह्या सायकलीमुळे एका जुन्या स्नेह्याच्या जिवावर बेतले, आणि ज्याला आम्ही आजवर आपला साधा सरळ स्वभाव समजत आलो त्यात एक लबाडी दडून बसली आहे, हे आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळून आले. तेव्हा निमित्त लहान म्हणून विषय टाकून देणे आम्हांस शक्य नाही.

ज्या पुण्यात आम्ही वाढलो ते सायकलींचे पुणे होते. सकाळी दहाच्या सुमारास लक्ष्मी रस्त्याने आणि लकडी पुलावरून कचेऱ्यांकडे व कॉलेजांकडे वाहणारे सायकलींचे लोंढे ज्यांनी पाहिले आहेत, असे लोक अजून पुष्कळ आहेत. रात्री सायकलीस दिवा नसला तर पोलीस अडवी, म्हणून चाकाशी डायनामो बसविलेला असे. त्याची चकती टायरवर टेकली की दिवा लागे, परंतु सायकलही त्याच क्षणी जड होई. प्रकाश फुकट मिळत नाही, तो पोटऱ्यांतून काढावा लागतो, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या पिढीने पायांनी शिकून घेतली होती. तेव्हा पायांतून वीज निघे. आता विजेतून पाय निघतात, असे एखाद्या विनोदी लेखकास म्हणता येईल.

कॉलेजात असताना शनिवारी मध्यरात्रीनंतर निघावे, पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी सायकली लावाव्यात, वर पायी चढून सूर्योदय पाहावा आणि दही खाऊन दुपारच्या आत घरी यावे, असा आमचा क्रम असे. ह्या क्रमात जे एक स्नेही नेहमी बरोबर असत त्यांचा उल्लेख पुढे यावयाचा आहे. खडकवासल्यापुढे रस्ता चढू लागला की ते हमखास आमच्या पुढे निघून जात, आणि वळणावर एक पाय दगडावर टेकून आमची वाट पाहत उभे राहत. ही गोष्ट पन्नास वर्षांत आम्ही कोणापाशी बोलून दाखविली नाही, आणि विसरलोही नाही.

पुढे नोकरी आली, स्कूटर आली, मुलांच्या शाळा आल्या. सायकल जिन्याखाली गेली आणि तेथून भंगारात गेली. सेवानिवृत्तीनंतर तिची आठवण झाली ती गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितले की, सायकल अवश्य चालवा, गुडघ्यांस ती मानवेल. मात्र चढावर जोर करू नका. सल्ला उत्तम होता. परंतु आम्ही राहतो कोथरूडात. तेथून पश्चिमेस मोकळ्या हवेत जावयाचे म्हटले की पौड रस्त्याने चांदणी चौकाची चढण ही ठरलेलीच. ती ओलांडली की पुढे भूगावकडे उतार लागतो आणि मानस तलावाचे पाणी दिसते. ज्यास चढ वर्ज्य त्यास ते पाणीही वर्ज्य, असा प्रसंग होता. तेव्हा दोन महिने विचार करून आम्ही विजेची सायकल घेतली.

ज्या वाचकांनी हे यंत्र जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कल्पना नवी नाही. सायकलीच्या चाकात विजेची मोटार बसविण्याचे एक पेटंट अमेरिकेत 1895 सालच्या अगदी शेवटच्या दिवशी दिले गेले होते. पण तेव्हाच्या बॅटऱ्या जड व दुर्बळ असल्याने ती कल्पना दीर्घकाळ फारशी रुजली नाही. पायाने जोर लावला तरच यंत्राने त्यात आपला जोर मिळवावा, अशा जातीची सायकल 1993 साली जपानात यामाहा कंपनीने विक्रीस आणली. आमची सायकल ह्याच जातीची आहे. तिच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये 250 वॅटची मोटार आहे, आणि बॅटरी चौकटीच्या जाड नळीच्या आतच बसविलेली आहे. पायंडल फिरू लागले की मोटार हलकेच जागी होते, पाय थांबले की थांबते, आणि ब्रेक दाबला की तत्काळ निजते. मोटार 250 वॅटपर्यंतची असून वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत राहिला, तर आपल्याकडील कायदा असल्या वाहनास मोटारवाहन समजत नाही. त्यास परवाना लागत नाही व नंबराची पाटीही लागत नाही. पाय न हलविता केवळ मूठ पिळून चालणाऱ्या सायकलीही दुकानात होत्या. त्या आम्ही मोठ्या तुच्छतेने बाजूस सारल्या. श्रम हे आपलेच असावेत, यंत्राने नुसता हातभार लावावा, असे आम्ही दुकानदारास सांगितल्याचे स्मरते. त्याने मान डोलावली. गिऱ्हाइकाच्या तत्त्वज्ञानास मान डोलावणे हा दुकानदारीचा भागच आहे.

हा हातभार किती, ह्याचा हिशेब आम्ही पुढे एका दुपारी कागदावर मांडला. आमचे व सायकलीचे मिळून वजन 95 किलोच्या आसपास. एवढे वजन 100 मीटर उंच न्यावयाचे तर घर्षण व वारा सोडून देऊनही सुमारे 93,000 जूल इतके कार्य करावे लागते. आमच्या वयाचा बरा प्रकृतीचा मनुष्य धाप न लागता सतत 75 वॅटच्या हिशेबाने काम करतो असे धरले, तर त्यास एकट्यास ह्यासाठी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. मोटारीने आपले सगळे 250 वॅट त्यात घातले की तेच काम पाच मिनिटांच्या आत होते. म्हणजे चढणीवर जे काही घडते त्यात मोटारीचा वाटा रुपयात बारा आण्यांहून अधिक आहे, आणि आमचे चार आणेही पुरते भरत नाहीत. हातभार यंत्राचा नव्हता. हातभार आमचा होता.

येथे पहिली शंका उत्पन्न झाली. माथ्यावर पोहोचल्यावर छाती भरून जो वारा घेतो, ते जे एक प्रकारचे विजयाचे सुख अंगभर पसरते, ते कोणाचे? चार आण्यांच्या भागीदाराने सोळा आण्यांचा नफा घरी न्यावा, हे व्यवहारात चोरीच ठरेल.

ह्या शंकेचे एक उत्तर सायकलीच्या इतिहासातच सापडते, आणि ते आम्हांस बरेच दिवस पुरले. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावी पॉल द विव्ही (1853-1930) नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. ‘वेलोसियो’ ह्या टोपणनावाने ते लिहीत आणि सायकलविषयी एक नियतकालिक चालवीत. त्या काळी सायकलीस एकच गती असे. चढ आला की बळ वापरा, नाहीतर उतरून चाला. द विव्ही ह्यांनी साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या युक्त्या शोधून, वापरून, त्यांचा जन्मभर पुरस्कार केला. ज्यांनी 1903 साली फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल-शर्यत सुरू केली त्या आंरी देग्रांज ह्यांस ही गोष्ट मुळीच रुचली नाही. असली गती बदलण्याची साधने पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांस शोभतात. जय मिळवावा तो स्नायूंनी, यांत्रिक क्लृप्तीने नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी 1902 साली लिहिले. त्यांच्या शर्यतीत असल्या गिअरांस मोकळीक मिळाली ती 1937 साली. आज शर्यतीतला कोणताही वीर गिअरांवाचून सायकलीवर पाऊल ठेवणार नाही, आणि त्यास कोणी दुबळा म्हणणार नाही. ज्यास एका पिढीने लबाडी म्हटले त्यास दुसरीने साधन म्हटले, आणि तिसरीस त्याचे अस्तित्वही जाणवेनासे झाले. देग्रांज ह्यांच्या पंचेचाळिशीची मर्यादा तर आम्ही एकवीस वर्षांपूर्वी ओलांडली आहे. तेव्हा त्यांच्याही न्यायासनापुढे आम्ही निर्दोषच ठरू, असे आम्ही मनाशी हसत म्हणालो.

परंतु हे उत्तर जितके चटकदार तितकेच अपुरे आहे. गिअर बळ वाढवीत नाही, आहे ते बळ वेगळ्या मापाने वाटून देतो. मोटार परके बळ आणते. द विव्ही कितीही गती बदलोत, वर चढणारा प्रत्येक जूल त्यांच्याच भाकरीतून आलेला असे. हा भेद डोळ्यांआड करून आम्ही त्या थोर माणसाच्या रांगेत जाऊन बसलो, हे बरे केले नाही.

दुसरे उत्तर अधिक टिकाऊ आहे. मनुष्य सायकलीवर कशासाठी बसतो ते प्रथम पाहावे. जेथे बळाचे मोजमाप हाच हेतू आहे तेथे परके बळ ही उघड फसवणूक होय. 2016 साली बेल्जियममध्ये झोल्डर येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत एका तरुण स्पर्धक स्त्रीसाठी तयार ठेवलेल्या सायकलीच्या नळीत लपविलेली मोटार सापडली, आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली, ते योग्यच झाले. परंतु जेथे कोठेतरी जावयाचे आहे, पाणी पाहावयाचे आहे, गुडघे चालते ठेवावयाचे आहेत, तेथे मोजमापच नाही. मग फसवणूक कोणाची? चष्मा लावून वाचलेले पुस्तक न वाचल्यासारखे होते असे कोणी म्हणत नाही. कवळी लावून खाल्लेल्या भाकरीनेही पोट भरतेच.

हे सर्व खरे आहे, आणि आजही आमचे मत हेच आहे. मात्र त्यात ‘मोजमापच नाही’ हे जे गृहीत धरले आहे, ते वृद्धांच्या बाबतीत क्वचितच खरे असते. प्रत्येक म्हाताऱ्याच्या मनात एक शर्यत गुपचूप चाललेली असते. तीत प्रतिस्पर्धी दुसरा कोणी नसून पंचविशीतला तो स्वतः असतो. आणि त्या पंचविशीच्या आसपास उभे असलेले त्याचे जुने सोबतीही असतात. त्या शर्यतीत मोटार आणली की ती झोल्डरइतकीच लपविलेली मोटार ठरते. एकच यंत्र म्हातारपण नम्रपणे कबूल करण्यास उपयोगी पडते, आणि तेच यंत्र म्हातारपण आलेच नाही असे स्वतःस भासविण्यासही तितकेच उपयोगी पडते. आम्ही ते पहिल्या कामासाठी विकत घेतले, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या कामास लावले.

ते घडले असे. आमच्या वसाहतीच्या फाटकापाशी एक पार आहे. तेथे सकाळी आठ-साडेआठला समवयस्क मंडळी जमतात. आम्ही भूगावहून परत येऊन सायकल भिंतीस टेकविली तेव्हा एकाने विचारले, “कोठवर गेला होता?” आम्ही सांगितले. “म्हणजे चांदणी चौक चढून?” आम्ही होय म्हटले. मग जे कौतुक सुरू झाले त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. ‘ह्याला म्हणतात प्रकृती’, ‘जुन्या पुण्याचे हाड’, असे काहीबाही झाले. बॅटरी नळीच्या आत, मोटार हबमध्ये, कोणाच्या काही लक्षात आले नाही. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नाही. नुसते हसलो, आणि रुमालाने कपाळ पुसले. वास्तविक कपाळावर पुसण्याजोगे फारसे नव्हते.

असत्य बोलणे आणि सत्य न बोलणे ह्यांत नीतिशास्त्रज्ञ भेद करतात, आणि व्यवहारातही तो करावा लागतो. प्रत्येकाने प्रत्येक वेळी सर्व काही सांगत सुटावे असे कोणी म्हणणार नाही. आमच्या सायकलीत काय आहे हे न सांगण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार होता. मात्र ज्या क्षणी समोरच्याने तिच्याबद्दल एक चुकीची समजूत करून घेऊन त्या समजुतीवर आम्हांस काही देऊ केले, मग ती नुसती स्तुती का असेना, त्या क्षणी तो अधिकार संपला. चुकून जास्त आलेली मोड मुकाट्याने खिशात घालणारा काही बोलत नाही, म्हणून तो प्रामाणिक ठरत नाही. हे आम्ही आज लिहितो आहोत. त्या दिवशी ती मोड खिशात फार उबदार वाटली. आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढचा महिनाभर आम्ही ती घेतच राहिलो.

पारावर ते जुने स्नेहीही असत. निवृत्तीनंतर तेही आमच्याच वसाहतीत राहावयास आले होते. ते कौतुकात सामील झाले नाहीत. पण आमच्या सायकलीकडे मात्र बराच वेळ पाहत होते. आठवड्याभराने जिन्याखालची त्यांची जुनी काळी सायकल बाहेर निघाली. तिला नवे टायर बसले, साखळीस तेल मिळाले. त्यांनी आम्हांस काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पन्नास वर्षांपूर्वी वळणावर पाय टेकून उभा राहणारा तो तरुण आम्हांस त्या काळ्या सायकलीच्या शेजारी स्पष्ट दिसत होता. तो आता मागे पडला आहे ह्याचे आम्हांस सुख होत होते, हे लिहिताना हात अडतो, परंतु लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

एका सोमवारी पहाटे ते एकटेच पौड रस्त्याने निघाले. भुसारी कॉलनीच्या पुढे चढ अंगावर येतो तेथे त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते रस्त्याच्या कडेस बसले. एका रिक्षावाल्याने त्यांना पाहिले, सायकल एका टपरीपाशी टेकवून दिली, आणि त्यांना इस्पितळात नेले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत जाळ्या बसविण्यात आल्या. ते वाचले.

डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की, अडथळे जुनेच होते. चढणीने ते नुसते उघडकीस आणले. घरच्या मंडळींस ह्यात मोठाच दिलासा मिळाला. ‘त्या निमित्ताने कळले तरी, झोपेत काही झाले असते तर?’ असे त्यांच्या पत्नी आमच्या घरी येऊन म्हणाल्या, आणि आम्ही ‘होय, वहिनी, देवाचीच कृपा’ असे उत्तर दिले. देवाच्या नावाचा इतका सोयीस्कर उपयोग आम्ही त्यापूर्वी केला नव्हता. फळ चांगले निघाले म्हणून कृत्य चांगले ठरते काय, हा वाद फार जुना आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस मोठी माणसे आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला फळाची कल्पनाही नव्हती त्याने त्या फळाचा आधार घेऊ नये. आम्ही जेव्हा गप्प बसलो तेव्हा त्यांचे अडथळे शोधण्यासाठी गप्प बसलो नव्हतो.

ते घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वहिनी चहा आणण्यास आत गेल्या तेव्हा सांगून टाकले: सायकल विजेची आहे, पहिल्या दिवसापासून आहे, चढावर रुपयातले बारा आणे तिचे असतात. ते छताकडे पाहत पडून होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी तुझ्याशी नाही, अडीचशे वॅटशी शर्यत लावली होती.”

आम्ही क्षमा मागितली. “अरे, मोटार लावलीस त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “मलाही लागेलच कधी ना कधी काहीतरी. आता छातीत दोन जाळ्या आहेतच. पण मी रोज तुझ्याकडे बघायचो आणि म्हणायचो, ह्याला जमतं तर मला का जमू नये? हे तू मला महिनाभर म्हणू दिलंस.” एवढे बोलून त्यांनी कूस बदलली. त्यानंतर दोन महिने ते आमच्याशी बोलले नाहीत.

ह्या दोन महिन्यांत सायकल बाहेर काढणे नको वाटे. तरी डॉक्टरांचा सल्ला होता म्हणून काढली. एकदा चढावर एक वृद्ध भंगारवाला पुढे दिसला. पत्रे, पुठ्ठे आणि बाटल्यांची पोती दोन्ही बाजूंस लादलेली सायकल तो हातांनी ढकलीत होता. वयाने आमच्याच आगेमागे असावा. आम्ही त्याच्या शेजारून सुमारे वीसच्या वेगाने निघून गेलो. ज्याचे पोट त्या चढावर अवलंबून त्यास मोटार नाही, आणि ज्यास तलावाचे पाणी पाहावयाचे त्यास आहे, ह्याचे समर्थन आम्हांस त्या दिवशी सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. आमचे पुढे जाणे केवळ पैशाचे होते, आणि तो आमच्याकडे पाहतही नव्हता.

त्याच दिवसांत गीतेचा अठरावा अध्याय पुन्हा वाचनात आला. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याची बुद्धी अपक्व होय, असा तेथील अभिप्राय आहे. आमच्या चार आण्यांच्या हिशेबाने आम्हांस जी लाज वाटत होती तिचे स्वरूप ह्या दृष्टीने पाहता अगदी बदलते. मोटार नसलेल्या सायकलीवरही आमचे सोळा आणे कधीच नव्हते. रस्ता कोणी केला, रबर कोणी आणले, लहानपणी ह्या पायांत बळ कोणी घातले? विजेच्या सायकलीने नवे काही केले नाही. जे साहाय्य आजवर मोजता येत नव्हते त्याला तिने वॅटचे माप लावले. आणि ती वीज तरी कोठून येते? आमच्या बॅटरीत पूर्ण भरली असता अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज मावते. किमतीने ती नगण्य आहे. पण महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग अजून कोळशावर निघतो. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील भट्ट्यांत तो जळतो. तेव्हा चांदणी चौक आम्ही चढतो त्यात खाणीत उतरणाऱ्या कोणाचे तरी बळ आहे, आणि ज्यांच्या हवेत ती राख उडते त्यांचाही नकळत दिलेला वाटा आहे. ‘प्रदूषणरहित वाहन’ म्हणून दुकानदाराने जी स्तुती केली होती तीही पारावरच्या स्तुतीसारखीच अर्धवट माहितीवर मिळालेली मोड आहे. मोटारगाडीच्या मानाने हे ओझे फार हलके, ह्यात शंका नाही. परंतु हलके म्हणजे नाहीच असे नव्हे.

मात्र गीतेतील त्या विचाराचा एक दुरुपयोग होण्याजोगा आहे, आणि आम्ही तो दोन-चार दिवस केलाही. सर्वच कर्म पाच जणांचे, तर मग कोणास काय सांगावयाचे? सगळेच साहाय्य घेतात, तेव्हा माझे साहाय्य उघड करण्याचे मला एकट्याला काय कारण? ही पळवाट आहे. स्वतःस एकटाच कर्ता न समजणे हे जर शहाणपण असेल, तर ते मनात ठेवावयाचे नसून बोलावयाचे आहे. निदान जेथे दुसरा मनुष्य आपल्याकडे पाहून स्वतःचे माप ठरवीत आहे तेथे तरी बोललेच पाहिजे. तरुणांस हे फारसे लागू नाही. पंचविशीतल्या माणसाने दुसऱ्याच्या खोट्या मापाशी बरोबरी करू पाहिली तर तो दमेल, आणि उद्या पुन्हा उठेल. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तेच माप प्राणाशी गाठ घालते. आम्ही एकमेकांकडे पाहूनच ठरवितो की अजून काय जमते आणि काय सोडून द्यावे. दुसरा तक्ता आमच्यापाशी नाही. जो गोळ्या घेऊन जिना चढतो आणि गोळ्यांचे नाव काढीत नाही, जो मुलाच्या पैशावर तीर्थयात्रा करतो आणि काटकसरीची व्याख्याने देतो, तो शेजाऱ्याच्या तक्त्यात चुकीचा आकडा लिहून ठेवतो. पारावर बसणाऱ्या मंडळींत असे आकडे किती असतील, हा विचार आता आमच्या मनात वरचेवर येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पारावर जाऊन सर्वांस सायकलीचे खरे सांगितले. दोघे हसले, एकाने किंमत विचारली, आणि विषय महापालिकेच्या पाण्याकडे वळला. इतक्या स्वस्तात सुटका होणार हे माहीत असते तर!

पावसाळा संपल्यावर स्नेही एका सकाळी स्वतःच आले. फाटकापाशी उभे राहून म्हणाले, “काढ तुझी ती. बघू दे.” डॉक्टरांनी त्यांना सपाटीवर हलकी सायकल चालविण्यास अनुमती दिली होती. वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर त्यांनी दोन फेऱ्या घातल्या. पहिल्यांदा मोटारीने धक्का दिला तेव्हा ते लहान मुलासारखे दचकले, आणि हसले. मग असली एक आपणही घ्यावी असे त्यांच्या मनात आले.

ह्या वेळी मात्र आम्ही काही झाकून ठेवले नाही. यंत्राचे वजन 24 किलो आहे, बॅटरी मधेच संपली तर तेवढे लोढणे गुडघ्यांनी ओढावे लागते, हे सांगितले. नेदरलँड्समध्ये 2017 साली रस्त्यावरील अपघातांत मोटारगाडीत बसलेल्यांपेक्षा सायकलस्वार अधिक मेले, आणि त्या देशात विजेच्या सायकलीवरून पडून दगावणाऱ्यांत पासष्टी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा असतो, हेही सांगितले. मोटार पायांस बळ देते. डोळ्यांस, कानांस आणि ब्रेकवरच्या बोटांस देत नाही. तरुणपणी वेग आपल्या बळातून येई, म्हणून जेवढा वेग येई तेवढा सांभाळताही येई. आता वेग एकाचा आणि सांभाळणे दुसऱ्याचे, असा प्रकार आहे. त्यांनी सर्व ऐकून घेतले, डॉक्टरांस विचारले, आणि महिनाभराने घेतली. चढाची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिली आहे, मोटारीची मदत कोणत्या पायरीवर ठेवावयाची तेही ठरले आहे, आणि नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ मनगटावर असते.

आता रविवारी आम्ही बरोबर निघतो. ते पुढे असतात; मोटार दोघांचीही सारखीच असताना ते पुढे कसे, हे कोडे आम्ही अजून सोडवू शकलो नाही, आणि आता ते सोडविण्याची फारशी इच्छाही राहिलेली नाही. माथ्यावरच्या एका चहाच्या टपरीपाशी ते एक पाय दगडावर टेकून थांबतात. तेथे तरुण सायकलस्वारांची टोळकी येतात, पांढरे केस पाहून त्यांतला एखादा मुलगा हटकून म्हणतो, “काका, कमाल आहे हं तुमची! एवढा चढ?” आम्ही तोंड उघडण्याच्या आतच स्नेही आमच्याकडे बोट दाखवून मोठ्याने सांगतात, “ह्यांची विजेची आहे!” आणि मुले हसू लागली की मग आपल्या सायकलीच्या नळीवर टिचकी मारून, जरा खालच्या आवाजात, “आणि माझीपण.”